वारा फिरला की कळवा

गेल्या अंकात मी एक ओळ टाकली होती, "उकाड्याबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा." संपादकांनी पत्रांची पिशवीच घरी पाठवून दिली. त्यातली निम्मी पत्रं प्रश्न नाहीतच, तक्रारी आहेत, आणि तक्रार माझ्याविरुद्ध असल्यासारखी लिहिलेली आहेत. एका काकांनी विचारलंय, "बाई, तुम्ही चौतीस वर्षं भूगोल शिकवलात ना, मग हे काय चाललंय?" काका, मी भूगोल शिकवला. केला नाही.

शनिवारची दुपार आहे. नौपाड्यात नवव्या मजल्यावर, पंखा पाचावर, मानेवर ओला नॅपकिन, अशा थाटात लिहायला बसले आहे. अक्षर लावून घ्या, मनगट कागदाला चिकटतंय.

प्रश्न : आम्ही नागपूरचे. दोन वर्षांपासून नोकरीमुळे ठाण्यात, माजिवड्याला. तिकडे ४४-४५ अंश सोसलेले आम्ही इथल्या ३५ मध्ये हैराण होतो. नागपूरहून आणलेला कूलर लावला की आणखीच घाम येतो. परवा संध्याकाळी जोरदार पाऊस आला, वाटलं सुटलो. तासाभरात आधीपेक्षा वाईट! आमचं काही चुकतंय का?

तुमचं नाही, कूलरचं चुकतंय. त्याला गॅलरीत ठेवा आणि त्यात पुदिना लावा.

वर्गात मी एक प्रयोग करायची. दोन थर्मामीटर शेजारी शेजारी टांगायचे आणि एकाच्या फुग्याला मलमलीची ओली चिंधी गुंडाळायची. चिंधीतलं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, म्हणून ओला थर्मामीटर कमी दाखवतो. माणसाचं अंग म्हणजे तो चिंधीवाला थर्मामीटर. एक ग्रॅम घाम उडाला तर अंगातली साधारण ५८० कॅलरी उष्णता नेतो. पण उडाला तर! निथळून बनियनमध्ये गेला तर नुसतं धुणं वाढतं.

आता हिशेब मांडू. नागपूरला ४४ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर चिंधीवाला थर्मामीटर उतरत उतरत २५ च्या आसपास थांबतो. ठाण्यात ३५ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल तर तो २९ च्या खाली जायला तयार नसतो. कोरड्या थर्मामीटरवर ठाणं नऊ अंशांनी सुखी, ओल्यावर चार अंशांनी दुःखी. तुमचा कूलरही वाळ्याच्या जाळीतून पाणी उडवूनच हवा गार करतो. इथल्या हवेला आधीच पाणी नकोसं झालंय, त्यात तुम्ही बंद खोलीत आणखी ओतताय. (नागपूरचं ऊन सोपं असं मी म्हणत नाही. तिथे ते डोक्यात जातं, इथे ते अंगाला चिकटून बसतं.) हवामान खात्यालाही हा फरक मान्य आहे. मैदानी भागात पारा ४० ला टेकल्याशिवाय उष्णतेच्या लाटेची भाषा होत नाही. किनाऱ्यावर ३७ पुरतात, फक्त ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त हवेत.

त्यात ठाण्याची बैठक अशी, की पश्चिमेला येऊरचा डोंगर आणि पूर्वेला खाडी. समुद्रावरून दुपारी निघालेला वारा बोरिवलीकरांना गोंजारतो, डोंगराशी अडखळतो आणि आपल्या वाट्याला उरलंसुरलं येतं.

परवाच्या पावसाचं म्हणाल, तर तो कुठून आला ते पाहिलंत का? पूर्वेकडून. तो वळीव. दुपारभर तापलेल्या सह्याद्रीवर, तिकडे मुरबाड-शहापूरच्या बाजूला ढग उभे राहतात, संध्याकाळी गडगडाट करत कळव्यावरून खाडी ओलांडतात, अर्धा तास झोडपतात आणि जातात. कोसळताना वरची थंड हवा लोटासारखी खाली येते, म्हणून तेवढा अर्धा तास स्वर्ग. नंतर वारा पडलेला, रस्ते आणि भिंती तापलेल्या, आणि त्यांच्यावरच्या पाण्याची वाफ जाणार कुठे? आपल्याच खिडकीत. वळीव म्हणजे वऱ्हाडी. आला, वाजवलं, जेवला, पसारा टाकून गेला. (वऱ्हाडी म्हणजे लग्नातला. माजिवड्याच्या वाचकांनी राग मानू नये.)

मग सुटका कधी? इथे थर्मामीटरचीच फजिती होते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारचं सरासरी तापमान ३३-३४ आणि जुलैत ३० च्या आसपास. फरक तीन-चार अंशांचा. बरं, जुलैत हवेतली वाफ कमी होते म्हणावं तर तसंही नाही. ती जवळपास तेवढीच असते, आर्द्रतेचा टक्का तर उलट चढतो. तरी मे महिन्यात चादर लाथाडणारे आपण जुलैत ती हनुवटीपर्यंत ओढतो. कारणं दोनच. ढगांनी ऊन अडवलेलं असतं, आणि वारा रात्रीसुद्धा झोपत नाही. जुलैत चार दिवस उघडीप पडली आणि वारा थांबला, की पहा, मे परत येतो.

म्हणून मी पावसाची वाट बघतच नाही, वाऱ्याची बघते. गॅलरीच्या ग्रिलला जुन्या साडीची एक चिंधी बांधली आहे. दुपारी ती पश्चिमेच्या वाऱ्यावर उडते. त्यात नवल नाही, तो समुद्रावरचा रोजचा वारा, रात्री तो निजतो. पण रात्री दोन वाजता उठल्यावर (या वयात उठावं लागतंच) चिंधी ईशान्येकडे तोंड करून फडफडताना दिसली, म्हणजे नैऋत्येचा वारा रात्रपाळीला हजर झाला, की मी निश्चिंत. वेधशाळाही पहिल्या सरीला भुलत नाही. केरळात मान्सून आला असं म्हणायला १४ ठरलेल्या ठिकाणांपैकी ६० टक्के ठिकाणी सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर तरी पाऊस लागतो, आणि शिवाय पश्चिमेचा वारा आकाशात पुरेशा उंचीपर्यंत भरलाय की नाही हे पाहतात. तुम्हीही चिंधी बांधा. टॉवरांच्या गर्दीत वारा वळणं घेतो, तेव्हा ढग कुठून कुठे जातात तेही बघत जा. वारा फिरला की मला कळवा. आणि कळव्याच्या वाचकांनो, तुमच्यावर हा विनोद वर्गातली मुलं दरवर्षी करत. मीही हसत असे.

प्रश्न : भुरभुर पावसाचे चार थेंब पडले की आमची वीज जाते. मुसळधार पावसात मात्र टिकते! हे मुद्दाम करतात का? (ऐरोली)

नाही हो. तारा ज्या चिनी मातीच्या चकत्यांवर टांगलेल्या असतात त्यांच्यावर दिवाळीपासूनची धूळ, धूर आणि खाडीवरून आलेलं मीठ बसलेलं असतं. कोरडं आहे तोवर बिनधोक. भुरभुर आली की त्याचा खारट चिखल होतो, चिखलातून वीज वाट काढते, ठिणगी पडते आणि पुढचं नुकसान टाळायला लाइन आपोआप तुटते. धो धो पाऊस त्याच चकत्या धुऊन लख्ख करतो. बाकी झाडाची फांदी वगैरे कारणं आहेतच. तुम्ही खाडीच्या काठावर राहता, तुमच्याकडे मीठ जरा जास्तच.

प्रश्न : शेवळं बाजारात आली का? आणि घशाला खाज न येता कशी करायची? (पाचपाखाडी)

आली. जांभळी नाक्याला सकाळी आठच्या आत जा, बायका जुड्या घेऊन बसलेल्या असतात. वळवाच्या दोन सरी झाल्या की ती जमिनीतून वर येतात आणि पंधरा-वीस दिवसांत संपतात. सोबत काकडं मागून घ्या. ती हिरवी आंबट फळं खाज मारतात. वरचं आवरण आणि आतला पिवळा भाग काढून टाका, बारीक चिरा, काकडांच्या रसात शिजवा. सोडे किंवा कोलंबी घातलीत तर मला बोलवा. काकडं विसरलात तर बोलावू नका.

प्रश्न : सासरे म्हणतात, ७ जूनला मृग लागला की पाऊस. मुलगा मोबाइलवर बघून हसतो. रोज जेवताना वाद. कोण बरोबर? (घणसोली)

मृग लागतो म्हणजे सूर्य मृगशीर्ष नक्षत्रात जातो, ७ किंवा ८ जूनला. मुंबई-ठाण्यात मान्सून पोचण्याची सरासरी तारीख हवामान खात्याच्या लेखी ११ जून आहे. २०२० पर्यंत १० होती. म्हणजे सासरे चार दिवसांनी चुकले, आणि सरासरीच्या खेळात चार दिवस काहीच नाहीत. पण सरासरी म्हणजे कुठल्याही एका वर्षाचा पाऊस नव्हे. २०२३ मध्ये तो २५ जूनला आला, आणि त्याच दिवशी दिल्लीतही पोचला, जे त्याआधी १९६१ मध्ये घडलं होतं. २०२५ मध्ये २६ मे रोजीच दाखल झाला, मुंबईतल्या नोंदींमधला सगळ्यात लवकरचा. तेव्हा रोहिणी लागून एकच दिवस झाला होता. सासरे आणि मुलगा दोघेही माळ्यावर छत्री शोधत असतील.

सासऱ्यांना एक गोष्ट मात्र सांगा, त्यांना आवडेल. नक्षत्राची ही तारीख इंग्रजी कॅलेंडरात साधारण ७२ वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. शिवाजी महाराजांच्या काळी मृग आजच्या कॅलेंडरने पाचेक दिवस आधी लागत असणार. तेव्हा "७ जून" हे काही वेदवाक्य नव्हे. नक्षत्राचं वाहन हत्ती की बेडूक की गाढव, हे मीही पंचांगात दरवर्षी वाचते. पण त्या भरवशावर कपडे वाळत घालत नाही.

माझ्या वडिलांचं पंचांग वेगळं होतं. ते जांभळी नाक्याजवळच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. मे म्हणजे लग्नपत्रिकांची घाई, ट्रेडल रात्री अकरापर्यंत खडखडायचं. कागद हवेतलं पाणी पितो. रिमेच्या कडा लाटेसारख्या व्हायला लागतात, पत्रिका एकमेकींना चिकटून दोन-दोन येतात, शाई लवकर वाळत नाही आणि "चि. सौ. कां." च्या अनुस्वाराचा डाग होतो. वडील घरी येऊन मोरीत रॉकेलने बोटं पुसत म्हणायचे, "आज कागद मऊ पडला." एवढं ऐकलं की आई दुसऱ्या दिवशी आगोटीला लागायची. मीठ चिनी मातीच्या बरणीत, पापड पत्र्याच्या डब्यात, सुके बोंबील टांगलेल्या टोपलीत, काडेपेट्या सादळू नयेत म्हणून चुलीशेजारच्या कोनाड्यात. चाळीच्या खोलीचं लाकडी दार तोवर फुगून चौकटीत बसलेलं असायचं. खांदा मारल्याशिवाय उघडेनासं झालं की आठ-दहा दिवसांत पाऊस. मृग, मोबाइल काही नाही, खांदा.

इथवर शनिवारी लिहिलं होतं. आज बुधवार.

सोमवारी रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी चिंधी फडफडत होती. मी दिवा न लावता गॅलरीत खुर्ची टाकून बसले. गडगडाट नाही, वीज नाही. साडेतीनच्या सुमाराला येऊरच्या डोंगराची कड डावीकडून पुसली जायला लागली, ओल्या फडक्याने फळा पुसावा तशी, आणि उजवं टोक दिसेनासं होतं न होतं तोच समोरच्या इमारतीच्या पत्र्यावर आवाज आला. मला पाऊस दिसण्याच्या आधी दुसरंच काही ऐकू आलं. आमच्या इमारतीच्या पाठच्या अंगाला एसीच्या बाहेरच्या पेट्या आहेत, तीस-पस्तीस तरी असतील. एप्रिलपासून रात्रभर त्यांची घरघर चालू होती, इतकी की ती ऐकू येणंच बंद झालं होतं. त्या एकेक करून थांबत गेल्या. कोणीतरी झोपेत उठून रिमोट दाबत होतं, खिडकी सरकवत होतं. मग शेवटची थांबली, आणि दोन महिन्यांनी पहिल्यांदा मला घरातून स्टेशनातली गाडीची घोषणा ऐकू आली. शब्द कळले नाहीत. पहिली कसारा असावी.

खालच्या मजल्यावरचे आजोबा गॅलरीत उभे होते. मी वरून म्हटलं, "आला." ते म्हणाले, "हं." आम्हा दोघांमध्ये सोसायटीच्या पार्किंगवरून सहा महिने अबोला होता.

तर, उरलेली पत्रं.

प्रश्न : लोक म्हणतात पहिल्या पावसाला मातीचा वास येतो. घोडबंदर रोडच्या आमच्या कॉम्प्लेक्सला सहा वर्षांत एकदाही आला नाही. नाकाचा दोष?

नाक ठीक आहे. तुमच्याकडे माती कुठाय? सगळीकडे पेव्हर ब्लॉक, आणि कुंड्यांत कोकोपीट. तो वास मुख्यतः जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. मातीतले सूक्ष्मजीव ते तयार करतात. कोरड्या दिवसांत झाडांची तेलंही माती-दगडांत मुरलेली असतात, तीही त्यात मिसळतात. त्या वासाला १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोन शास्त्रज्ञांनी 'पेट्रिकोर' असं नाव दिलं. थेंब भुसभुशीत जमिनीवर पडला की त्याच्याखाली हवेचे बारीक बुडबुडे अडकतात आणि सोड्याच्या बाटलीसारखे वर येऊन फुटतात, त्यांच्याबरोबर वास उडतो. म्हणून हलक्या सरीला वास जास्त, धो धो पावसाला कमी. वर्षभर हवा असेल तर कनौजला भाजलेल्या मातीचं अत्तर काढतात, ते मागवा. नाहीतर पुढच्या मे महिन्यात उपवनला जा आणि वळिवाची वाट बघत तलावाच्या काठी बसा. कॉम्प्लेक्सच्या मीटिंगमध्ये एक वाफा उघडा ठेवायचा ठराव मांडून पाहा. कोणीतरी म्हणेल, चिखल होतो. होतोच.

प्रश्न : पहिल्या पावसात भिजलं की घामोळं जातं, हे खरं का?

घामाच्या नळ्या तुंबतात म्हणून घामोळं येतं. अंग गार झालं, घाम थांबला की ते आपोआप बसतं. श्रेय पावसाने खाल्लं. शहरातली पहिली सर हवेतली सगळी धूळ घेऊन उतरते, तेव्हा भिजायचंच तर दुसऱ्या-तिसऱ्या सरीत भिजा. मी पहिल्याच सरीत भिजले. पण मी सल्ला देणारी आहे, ऐकणारी नाही.

प्रश्न : बाई, मी पोळ्यांची कामं करते. कळव्याला, पूर्वेला, डोंगराच्या अंगाला आमचं पत्र्याचं घर आहे. हे पत्र मुलगी लिहून देते आहे, ती नववीत आहे. मे महिन्यात दुपारी घरात बसवत नाही, ती देवळाच्या ओट्यावर जाऊन पुस्तक वाचते. पाऊस आला की सगळ्यात आधी मला बरं वाटतं, आणि सगळ्यात आधी भीतीही मलाच वाटते. मुलगी विचारते, आई, तुला पाऊस आवडतो की नाही, एक काहीतरी सांग. मी काय सांगू? आणि पुढच्या उन्हाळ्यात पत्रा कमी तापावा म्हणून काही करता येईल का?

ताई, तुमचं पत्र मी सोमवारच्या रात्रीआधी वाचलं होतं आणि मंगळवारी सकाळी पुन्हा वाचलं. मधल्या वेळात मी कांदाभजी केली होती. ती कुठे लिहायची नाही असं ठरवलं होतं, लिहिली.

मुलीला आधी हे सांगा, तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात शोभेल असं. पत्रा पातळ असतो. तो लवकर तापतो, तसाच लवकर निवतो. पहिली सर पडली की दहा-पंधरा मिनिटांत तुमचा पत्रा गार. आमच्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर काँक्रीटची जाड स्लॅब आहे. दिवसभर प्यालेलं ऊन ती रात्रभर खाली सोडत राहते, पाऊस आला तरी तिला निवायला वेळ लागतो. म्हणजे ठाण्यात पावसाचा पहिला गारवा आधी तुमच्या घरात पोचतो, तेराव्या मजल्यावरच्यांच्या घरात नंतर. तुम्हाला सगळ्यात आधी बरं वाटतं असं लिहिलंत ते अगदी बरोबर आहे. भीतीचंही तसंच. एक काहीतरी निवडायची तुमच्यावर सक्ती नाही.

पुढच्या उन्हाळ्यासाठी. सिमेंटचा पत्रा असेल तर मार्चमध्ये वरून चुन्याचे दोन हात द्या. लोखंडी पत्र्याला चुना लावू नका, ओल्या चुन्याने त्याच्यावरचा जस्ताचा थर खाल्ला जातो. त्याला ऊन परतवणारा पांढरा रंग मिळतो, तो लावा. अहमदाबादेत २०१३ पासून उन्हाळ्यासाठी शहराचा आराखडा आहे, आणि तिथे वस्त्यांमधली छपरं पांढरी करण्याचं काम झालेलं आहे. पांढरं छप्पर ऊन परत पाठवतं, एवढीच युक्ती. आत्ता पावसात आवाजाने मुलीचा अभ्यास होत नसेल तर ताडपत्रीच्या खाली गोणपाटाचा एक थर घाला. थेंब गोणपाटावर मरतो. ताडपत्रीवर विटांऐवजी जुने टायर ठेवा, विटा वाऱ्याने घसरतात आणि खाली पोरं असतात.

आता भीतीचं. घरामागचा उतार रोज सकाळी एकदा बघत जा. मातीला नवी भेग दिसली, विजेचा खांब किंवा झाड कललेलं वाटलं, कधी नव्हे तिथून गढूळ पाणी यायला लागलं, तर शेजाऱ्यांना हाक मारा आणि निघा. चार तास संततधार लागली असेल तर रात्रीची वाट बघू नका, उजेड असतानाच ज्या नातेवाइकांकडे जाता येईल तिथे जा. पोळ्यांच्या घरी सांगा, आज येत नाही. ते एक दिवस ब्रेड खातील.

आणि अजून एक. वर घणसोलीच्या पत्राला उत्तर देताना मी आमच्या चाळीच्या दाराचं लिहिलंय, फुगून अडकलं की पाऊस जवळ आला म्हणून. ते लाकडी दार होतं. तुमचं दार लोखंडी असणार. लोखंडी दार सादळत नाही. तेव्हा ते अडकायला लागलं तर पाऊस आला म्हणून नाही, चौकट हलली म्हणून. मुलीला सांगा, दार बंद करून दारावरून चौकटीवर जाईल अशी पेन्सिलची एक आडवी रेघ ओढायची. दोन रेघा ओढल्या, एक वर, एक खाली, तर उत्तम. शाळेत जाताना रोज बघायचं. रेघ सरळ असेल तर खुशाल पाऊस ऐका. तुटलेली दिसली तर दप्तर तिथेच ठेवून तुम्हाला हाक मारायची.

रेघ कशी आहे ते मला जुलैच्या अंकासाठी कळवा. अक्षर मुलीचंच असू दे, वाचायला सोपं जातं.